देणाऱ्याचे आसन

गेल्या श्रावणात अंगणातील ओल्या फरशीवरून माझा पाय घसरला आणि उजव्या नडगीचे हाड मोडले. परभणीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले, सहा आठवडे पाय जमिनीस टेकवावयाचा नाही असे बजावले, आणि मला गाडीत घालून सेलूस परत पाठवून दिले. घरी मी एकटा. पत्नीस जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा पुण्यास, मुलगी नाशकास. दोघांनीही आठ-आठ दिवस राहून माझे सर्व काही केले, "आमच्याकडे चला" असा आग्रह केला, आणि मी तो मोडून काढला. सत्तरी उलटलेल्या माणसाने आपले घर सोडू नये, असे मी त्यांना सांगितले. खरे कारण निराळे होते. मला कोणाचे काही घेणे आवडत नाही. पोटच्या मुलांचेही नाही. या न आवडण्यास मी आजवर स्वाभिमान म्हणत आलो, आणि रविवारच्या उपासनेनंतर चार मंडळींत बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे निःस्वार्थपणा म्हणत आलो. खाटेवर पडून राहिल्यावर त्याचे तिसरे नाव मला कळू लागले.

मी मूळचा सेलूचा नव्हे. शिक्षकाची नोकरी लागली म्हणून येथे आलो आणि येथलाच झालो. जालना सोडून गाडी परतूरवरून पूर्वेकडे निघाली, की दोहों बाजूंस काळी जमीन आणि कापसाची शेते लागतात. सेलूच्या बाजारात हंगामात कापसाच्या गाड्यांची रीघ असे आणि जिनिंगच्या आसपासच्या झाडांवर रुईचे तंतू अडकलेले दिसत. मी आलो तेव्हा रूळ अरुंद होते, आता रुंद झाले आहेत; बाकी स्टेशनात उतरणाऱ्या माणसाची पहिली नजर अजून आकाशाकडेच जाते, पाऊस किती झाला आणि किती व्हावयाचा याच्या शोधात.

माझे घराणे जालन्याजवळच्या बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव आता फारसे कोणास ठाऊक नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या गृहस्थाने 1843 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, पुढे स्कॉटिश मिशनतर्फे निजामाच्या मुलुखात, जालन्यास, काम उभारले, आणि हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसविली. त्या वस्तीत आलेल्यांपैकी एक माझ्या आजोबांचे वडील. आम्ही मातंग. ख्रिस्ती होण्यापूर्वी आमच्या घरातील माणसे गावात घरोघर फिरून भाकरी मागून आणीत. ती भाकरी शिळी असे आणि वरून टाकली जाई. आजोबांनी स्वतः ते पाहिले नव्हते, परंतु वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते, की सांगताना त्यांचा आवाज पाहिल्यासारखा होई. त्यांनी आम्हा मुलांस एकच शिस्त कडक लावली. हात उताणा करावयाचा नाही. कोणाच्या घरी जेवावयाचे तर आधी काही घेऊन जावयाचे. कोणी पेरू दिला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी दोन पोहोचले पाहिजेत.

या शिस्तीवर मी वाढलो, शिकलो, शिक्षक झालो. ती वाईट होती असे मी आजही म्हणणार नाही. ज्या घरास पिढ्यान् पिढ्या वरून टाकलेले झेलावे लागले, त्या घराने हात पालथा ठेवण्याची शपथ घ्यावी, यात गर्व पाहणाऱ्याने आधी ती भाकरी खाऊन पाहावी.

आता त्या मुलाविषयी. तो माझ्या वर्गात पाचवीस आला तेव्हा त्याच्या पायात काही नव्हते आणि पाढे मात्र तीसपर्यंत तोंडपाठ होते. बाप नव्हता. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करी, कापूस वेचण्यास जाई. पाचवीपासून दहावीपर्यंत त्याची पुस्तके, वह्या, कपडे, परीक्षेची फी मी भरली. पुढे परभणीस आयटीआयचा खर्चही केला. हे मी येथे लिहितो आहे, यावरूनच वाचकांच्या ध्यानात येईल, की डाव्या हातास न कळू देता द्यावे ही शिकवण माझ्या अंगी किती मुरली आहे. असो.

त्याची आई अधूनमधून घरी येई. थंडीत हुरडा, हरभऱ्याचे डहाळे, बोरे, संक्रांतीच्या सुमारास ओंजळभर तीळ, असे काहीतरी पदराखालून काढून ओट्यावर ठेवी. आणि दर वेळी मी तिला पैसे देई. हुरड्याचा बाजारातील भाव मला ठाऊक असे. त्याहून चार रुपये अधिकच देई. ती "नगं, नगं" म्हणे, मी रागावल्यासारखे करून नोटा तिच्या हातात कोंबी. गरिबाचे फुकट खाऊ नये, हे माझे तत्त्व. तीन-चार वर्षांनी ती काही आणीनाशी झाली. पुढे येईनाशीच झाली. मुलगा नोकरीस लागून दूर गेला, आणि सुटीत गावी आला तरी माझ्याकडे फिरकेना. मी पत्नीपाशी कुरकुर केली, की केलेल्याची जाणीव राहत नाही लोकांस.

पत्नी तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ती भेट घेऊन यायची आणि तुम्ही बिल चुकवायचात. तिला तुम्ही दुकानदारीण करून टाकलीत. आता दुकान बंद झालं, एवढंच."

मी अर्थातच शास्त्राचा आधार घेतला. पौलाने इफिसच्या वडील मंडळींस निरोप देताना देण्याची थोरवी प्रभूच्या शब्दांत सांगितली आहे, तिचा मी दाखला दिला. ती म्हणाली, "असेल. पण देण्यात एवढी धन्यता असेल तर ती सगळी तुम्ही एकट्यानंच कशी घेऊन बसलात? थोडी त्या बाईलाही लागू द्या की."

त्या दिवशी मी हसलो. बायकांस युक्तिवाद चांगला करता येतो, असे काहीतरी म्हणालो. तिच्या बोलण्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते. फक्त ते कळल्याचे मी तिला कळू दिले नाही.

मुलगी नाशकास परत गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दार ढकलून एक म्हातारी आत आली. मी प्रथम ओळखले नाही. तिने फडक्यात बांधलेल्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पितळीत पिठले आणि लसणाचा ठेचा माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, तांब्यात पाणी भरून आणले आणि खाली भिंतीशी टेकून बसली. मग ओळख पटली. माझी पहिली हालचाल काय झाली असेल ती सांगण्याची गरज नाही. पैशाचे पाकीट समोरच्या खुंटीवर, सदऱ्याच्या खिशात होते. खुंटी चार हातांवर; परंतु मला चार हातही जाता येईना. मी तिला म्हणालो, "मावशी, तेवढा सदरा द्या बरं इकडं."

"सदरा कशाला पायजे? थंडी वाजायली का?"

मी काही बोललो नाही. ती खुंटीकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या ध्यानात आले.

"गुर्जी, पैशाला हात लावाल तर उद्यापून मी येत नसते बघा." आणि थोड्या वेळाने, भांडणाचा सूर मुळीच नसलेल्या आवाजात म्हणाली, "पोराला शिकविलं तुमी, तवा मी कदी म्हनले का, गुर्जी किती झाले सांगा म्हनून?"

मी भाकरी खाल्ली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले, ते एका परीने सोयीचे झाले.

ती कोणत्या जातीची हे सांगण्याचे कारण नाही. एवढे सांगतो, की तिच्या आजेसासऱ्याच्या काळी तिच्या घराने माझ्या घरास पाणी दिले असते तर ते वरून ओतले असते. तिच्या मनात त्यातले काही असल्याचे मला दिसले नाही. माझ्या मनात होते. ती भाकरी हातात घेताना मला आजोबा आठवले, त्यांचा पालथा हात आठवला, आणि ज्या गोष्टीस मी इतकी वर्षे ख्रिस्ती सद्गुण समजत होतो तिच्या बुडाशी काय दडलेले आहे ते थोडेसे दिसले. मला घेण्याची भीती होती. घेणारा म्हणजे खाली बसलेला, हे माझ्या रक्तात इतके भिनले होते, की मी देणाऱ्याचे आसन एकदा मिळाल्यावर ते क्षणभरही सोडावयास तयार नव्हतो. आणि दुसऱ्या कोणास त्यावर क्षणभर बसू देण्यासही तयार नव्हतो. मी बाईचा हुरडा विकत घेत होतो तो तिच्या भल्यासाठी नव्हे. ती माझ्या बरोबरीस येऊ नये म्हणून घेत होतो.

हा स्वार्थच. पैशाचा लोभी माणूस आपणास लगेच ओळखू येतो. हा लोभ मात्र इतक्या स्वच्छ कपड्यांत वावरतो, की लोक त्यास नमस्कार करतात.

पडून पडून दुसरे काय करणार, म्हणून मी पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र पुन्हा काढले. दुसऱ्या अध्यायात तट पाडण्याच्या हौसेने वा पोकळ मोठेपणासाठी काही न करता इतरांस आपणाहून श्रेष्ठ मानावे, केवळ आपलेच हित पाहू नये, असा जो उपदेश आहे, त्यावर मी आजवर निदान दहा वेळा बोललो असेन. पण बोलणारा माणूस सोयीचा अध्याय वाचतो. या खेपेस मी पत्र एका बैठकीत शेवटपर्यंत वाचले, आणि मला आश्चर्य वाटले, ते असे, की हे पत्र मुळात एका देणगीची पोच आहे. पौल बंदीत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर त्यास काही मदत पाठविली आहे, आणि पत्राच्या अखेरीस तो तिच्याबद्दल लिहितो आहे. कसे लिहितो! मला गरज होती म्हणून म्हणत नाही. कमी असताही राहण्यास आणि विपुल असताही राहण्यास मी शिकलो आहे. देणगीची मला अपेक्षा नव्हती. तरी तुम्ही केले ते चांगले केले. पुढे जातो, मागे येतो, शब्द सावरतो. हा मनुष्य तंबू शिवून स्वतःच्या हाताने पोट भरणारा. करिंथकरांकडून आपण काही घेतले नाही हे त्याने त्यांस ठासून सांगितलेले. अशा माणसास फिलिप्पैचे लोक देतात आणि तो घेतो, आणि घेताना थोडा अवघडतो. टीकाकारांस हे माझे वाचन मान्य होईल की नाही, न कळे. मला मात्र त्या अवघडण्यात माझा सदरा आणि माझी खुंटी दिसली, आणि पौलाविषयी एवढी माया मला पूर्वी कधी वाटली नव्हती. इतरांस श्रेष्ठ मानण्याचा उपदेश त्याने हात उताणा करून लिहिला आहे.

तसेच पेत्राचे. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभू कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्राने पाय मागे घेतला. आम्ही उपदेशक मंडळी नेहमी पाय धुणाऱ्याकडे बोट दाखवितो आणि असे व्हा म्हणून सांगतो. पेत्राकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याचा नकार वरून किती विनयाचा वाटतो! आणि त्यास जे उत्तर मिळाले त्याचा आशय किती कठोर: धुऊ दिले नाहीस तर माझ्याशी तुझा काही संबंध उरत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ होईल. लीनता आणि लाचारी यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुसून टाकण्यात बलवानांचा नेहमी फायदा असतो. नारायण शेषाद्रींस उतरण्यास आसन होते. ते खाली आले, आमच्यात बसले, म्हणून त्यांची लीनता सर्वांस दिसली. ज्यास आसनच नव्हते त्याने उतरावयाचे कोठून? माझ्या पणजोबांस कोणी नम्रतेवर प्रवचन दिले असते तर ती क्रूर थट्टा झाली असती. त्यांना आधी ताठ उभे राहावयाचे होते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या बाबतीत मोठे बोधक आहे. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या बाईंस 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, त्यांनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील ज्येष्ठ भगिनींस आणि धर्माधिकाऱ्यांस त्यांच्यात एकच उणीव दिसू लागली: ही फार स्वतंत्र बुद्धीची आहे, हिच्यात नम्रता नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, यावरही वाद झाला. त्या काळचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन करण्याचे साफ नाकारले. आणि याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये आयुष्य काढले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले ते शक्य तितक्या सोप्या बोलीत, ज्या बायकांस संस्कृत शब्द कळणार नाहीत त्यांच्यासाठी. संस्कृतावर जिची सत्ता, तिने त्या सत्तेचा विनियोग न करण्याचे ठरवावे, हे वाटते तितके सोपे नाही. 1922 साली त्या वारल्या तेव्हा ते काम नुकते हातावेगळे झाले होते. वरच्यांपुढे मान न लवविणारी बाई खालच्यांपुढे भाषा लवविते. मला लीनतेची ओळख यापेक्षा चांगली ठाऊक नाही.

पत्नीस मात्र रमाबाईंपेक्षा लक्ष्मीबाई टिळकांची ओढ अधिक. 'स्मृतिचित्रे' तिने किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. रेव्हरंड टिळकांनी घरातले उचलून कोणास तरी देऊन टाकल्याचा प्रसंग आला, की ती मला मोठ्याने वाचून दाखवी आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाही. देणारा देऊन मोकळा होतो; त्या रात्री चुलीवर काय ठेवावयाचे हा प्रश्न देणाऱ्याच्या बायकोस पडतो. त्या मुलाच्या फीसाठी मी दोन वर्षे घरात नवा कपडा येऊ दिला नव्हता, ही गोष्ट मी माझ्या त्यागात धरीत असे. तो त्याग माझा नव्हता. याच टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ते ख्रिस्ती संन्यासी झाले. इतके दिल्यानंतर दुसऱ्यांच्या ओंजळीवर विसंबून राहणे त्यांस कसे वाटले असेल, याचा विचार खाटेवर मी बराच केला.

सेलूच्या माणसास हा विषय खरे तर नवा नाही. येथे केशवराज बाबासाहेबांचे मंदिर आहे. शिर्डीच्या साईबाबांचे गुरू म्हणजे सेलूचे गोपाळराव देशमुख, अशी येथील लोकांची दृढ समजूत आहे. माझे शेजारी त्या मंदिराचे नेमाचे भक्त. रोज सायंकाळी येऊन माझ्या उशाशी बसत. भाकरीची हकीकत त्यांस सांगितली तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, बाबा शिर्डीत ठरलेल्या पाच घरी भिक्षा मागत. ज्यांच्या पायाशी एवढं धन आलं त्यांना भाकरीची काय कमी होती?" मी म्हणालो, "खरं आहे. पण भिक्षेभिक्षेत फरक असतो." माधुकरी मागणारा विद्यार्थी दाराशी उभा राहिला तर घरची बाई पुण्य लाभले म्हणून वाढी, माझा पणजोबा उभा राहिला तर तीच बाई नाक मुरडी. भाकरी एकाच तव्यावरची. ते बराच वेळ गप्प बसले, आणि उठताना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण ही बाई तुमच्या दारात आली ना?" त्यांच्याही बोलण्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. अलीकडे माझे असे वारंवार होते.

म्हातारी रोज आली. तिचा मुलगा चाकणला कारखान्यात आहे, त्यास दोन मुली आहेत, हे तिने सांगितले. तो माझ्याकडे का येत नसे, हेही एके दिवशी मी धीर करून विचारले. ती म्हणाली, "यायचं म्हनायचा, पर रिकाम्या हातानं कसं जावं? अन् काई घेऊन गेलं तर गुर्जी पैसे देतेत." आजोबांची शिस्त मी त्या मुलास न शिकविता शिकविली होती. त्या वर्षांत मी त्यास जे दिले त्यात हेही एक.

आता मला वाटते, या सबंध काळात अवघड ते तिने केले, मी नव्हे. पोराची पुस्तके, कपडे, फी तिने घेतली; मान खाली न घालता घेतली, हिशेब न ठेवता घेतली, आणि मला देणारा होऊ दिले. दोन भाकऱ्या घेताना मला जे जमेना ते ती कित्येक वर्षे करीत होती. मी तिला उपकृत समजत होतो.

प्लास्टर निघाले. काठी घेऊन मी आता स्टेशनापर्यंत जाऊन येतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती भोगीची भाजी आणि बाजरीची तीळ लावलेली भाकरी घेऊन आली, आणि मी दोन्ही हातांनी घेतली. खिशाकडे हात गेला नाही. यावरून माझ्यात मोठा पालट झाला असे कोणी समजू नये. चार दिवसांपूर्वी जुनी डायरी चाळताना शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद सापडली. पाय मोडल्याच्या दिवसांतली. बत्तीस दिवस, रोज दोन, एकूण चौसष्ट भाकऱ्या. पुढे ज्वारीचा भाव. केव्हा लिहिली तेही आठवत नाही.

ते पान मी अजून फाडलेले नाही.